गुडघ्यातली नऊ भोकं

२५ जानेवारी १९८६

घरी पोचलो. मुंबईहून रत्नागिरीपर्यंत उजवा पाय गाडीच्या मधल्या वाटेत काढून बसलो होतो. ज्याने त्याने येताजाता ठेचला. स्टँडवर दादा भाड्याचा टेम्पो घेऊन उभा. मला कुबड्यांवर बघितलं आणि म्हणाला, "धडधाकट माणूस बोटीवर धाडला होता आम्ही." टेम्पोत घरापर्यंत माझा दंड धरून बसला.

वहिनीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला.
"भावोजी, खरंच हाडाला भोकं पाडली?"
"नऊ."
"अगो बाय!" म्हणाली आणि हात स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला.

२६ जाने.

इंजिनरूममध्ये एकोणीस वर्षं रोज लिहिलं, तेल किती, ताप किती. हाताला खोड लागलीय. इथे इंजिन नाही, गुडघा आहे. त्याचंच लिहीन. गुडघा म्हणजे गु., हालचाल म्हणजे हा., सर्जनसाहेब म्हणजे स. सा. शाई वाचेल.

स. सा. काय म्हणाले ते विसरायच्या आत: हाडाच्या टोकावर गुळगुळीत अस्तर असतं, कुर्चा. मी शिडीवरून लोखंडी प्लेटवर पडलो तेव्हा सुपारीच्या खांडाएवढा तुकडा उडाला. कुर्चेला रक्त नसतं, म्हणून तिची जखम आपली आपण भरत नाही. मग खालच्या हाडाला बारीक भोकं पाडायची. आतलं रक्त वर येतं, तिथे साखळतं आणि त्यातून नवं अस्तर धरतं. धरलं तर. मूळच्याइतकं चांगलं नाही, पण कामापुरतं.

अट: सहा आठवडे पायावर भार नाही. २५ फेब्रुवारीपर्यंत. पण पडूनही राहायचं नाही. बसल्या बसल्या गु. सतत वाकवायचा, सरळ करायचा. परदेशात म्हणे त्याचं मशीन आहे, दिवसभर पाय हलवत ठेवतं. "आपल्याकडे मशीन तुम्हीच," म्हणाले आणि हसले. त्यांना हसायला काय जातंय.

१५ एप्रिलला कंपनीचं मेडिकल. दहा उठाबशा आणि उभ्या शिडीवरून वर-खाली. जमलं तर पुन्हा बोट. नाही जमलं तर खलाशाचं पुस्तक जमा करून घरी. वय एकोणचाळीस, लग्न बोटीच्या नादात राहून गेलं, दुसरं काम येत नाही. घर दादाचं, सुपारीचं आगर दादाचं. तो बोलणार नाही कधी. म्हणूनच नको.

२९ जाने.

हा. ३००. पडवीत पाटावर पावडर टाकून टाच पुढे-मागे सरकवतो. टाच जिथवर मागे येते तिथे वहिनी कोळशाने रेघ मारते. आज बोटभर आणखी मागे.

बघायला येणारा प्रत्येक जण डॉक्टर. पाय हलवू नको, बांधून ठेव, सुंठ लाव. दादा सर्वांवर कडी. "आंब्याचं कलम बांधलं की त्याला वारापण लागू देत नाय. आणि ह्याचा डॉक्टर म्हणतो हलव! धरायचं कसं ते?" खरं तर पटलंच त्याचं.

२ फेब्रु.

हा. ५००. सूज उतरली. रेघ चार बोटं मागे.

वहिनी दुपारी भांडी झाल्यावर जवळ येऊन बसते आणि एकेक विचारते. रक्त किती दिवसांनी घट्ट होतं? अस्तर आलं हे कळतं कसं? दोन्ही पायांना एकदम पाडतात का भोकं? तिचे दोन्ही गुडघे गेलेत. वय फक्त शेहेचाळीस. पण दादा सकाळी सातला भातगिरणीत कामाला जातो, आगर सगळं तिच्यावर. पायऱ्या आडवी होऊन उतरते. "खेकडीण झाले मी," स्वतःच म्हणते. रत्नागिरीच्या डॉक्टरने सांगितलंय, झिजलंय, आता असंच चालायचं.

आज म्हणाली, "तुमचं होऊ दे. तुमचं धरलं तर मग ह्यांच्याजवळ मी विषय काढीन."

माझ्या एका गुडघ्यावर किती जणांनी बसायचं!

६ फेब्रु.

बोंबला. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली. विजेचा दाब कमी-जास्त होत होता दोन दिवस, मी दादाला म्हटलं होतं बंद ठेव. ऐकतो कोण. रत्नागिरीला रिवाइंडिंगला दिली. मिस्त्री आठ दिवस म्हणतो, म्हणजे पंधरा धरा.

हा. ५००.

८ फेब्रु.

पोफळीच्या आळ्यांना भेगा पडायला लागल्या. दादा संध्याकाळी येऊन काढतो पाणी, पण पुरत नाही. दिवसभर वहिनी विहिरीवर. दोर ओढायचा, घागर कमरेला, आळ्यात ओतायची, परत. मी पडवीत बसून टाच सरकवतोय, पुढे-मागे, पुढे-मागे, बाळाला खेळवल्यासारखी. लाज वाटली. स्वतःची किळस आली म्हटलं तरी चालेल.

विहिरीवरचा पायरहाट अजून उभा आहे. सहा वर्षांत कुणी शिवलेलं नाही. मी आणि दादा त्याच्यावरच वाढलो. फळीवर बसायचं, वरचा दांडा धरायचा आणि पायांनी चाकाचे आरे ढकलत राहायचं. मडक्यांची माळ पाणी घेऊन वर येते.

बसायचं. पाय टेकायचा नाही. गु. वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो.

च्यायला! हेच तर ते परदेशातलं मशीन!

स. सा. ना कार्ड टाकलं. बसून पायाने चाक फिरवलं तर चालेल का म्हणून.

९ फेब्रु.

कार्डाला उत्तर यायचं तेव्हा येईल. वहिनीने आसाला तेल घातलं. मडकी निम्मी फुटलेली, त्या जागी पत्र्याचे डबे बांधले. दोर नवा. दादाने मला उचलून फळीवर बसवलं. "बघ हां, उगाच काय तरी करशील." म्हटलं, साहेबांची अट तोंडपाठ आहे मला. भार नाही, हालचाल भरपूर.

पहिलं पाणी पन्हळीत पडलं तेव्हा वहिनी टाळ्या वाजवायला लागली. मी पण ओरडलो, खोटं कशाला बोलू.

हा. ४०० रहाटावर. वेगळे पाटावर करायची गरजच काय.

१२ फेब्रु.

हा. ९००! खालच्या अंगाची सगळी आळी भिजली. भूक लागते, झोप लागते. ह्या पायाचा उपयोग आहे कुणाला तरी.

संध्याकाळी आत एका जागी टोचतं. अस्तर धरत असणार.

१६ फेब्रु.

हा. १२००. टोचणं आहेच. आज थोडी सूजही. वहिनीने निरगुडीचा शेक दिला. तिला म्हटलं, भरून येताना असं होतंच. कुणी सांगितलं मला? कुणीच नाही.

मोटर अजून नाही.

२० फेब्रु.

पत्र आलं. इंग्रजीत टाईप केलेलं, पाच ओळी. तीनदा वाचलं. मतलब असा: बसून हलवा म्हटलं ते पाय मोकळा ठेवून. कशालाही रेटा द्यायचा नाही. रेटा दिला की जोर येतो तो नेमका भोकं पाडलेल्या जागी. तिथलं कोवळं असतं, ते उखडून येतं. तुम्ही लिहिता ते चालू केलं असेल तर आजच बंद करा.

वहिनी शेजारीच उभी, हात पुसत. तिला इंग्रजी येत नाही.
"काय म्हणतात साहेब?"
मी म्हटलं, "चालू ठेवा म्हणतात."

का म्हटलं? तिचा चेहरा बघून? की अकरा दिवस मी गाढवपणा केला हे तोंडाने निघेना म्हणून? दोन्ही असेल. पत्र ट्रंकेत तळाशी घातलं.

२१ फेब्रु.

डाव्या पायाने एकट्याने ढकलून बघितलं. माळ भरलेली असली की हलत नाही. मी उतरलो असतो तर वहिनी दोर ओढायला गेलीच असती.

दोन्ही पायांनी ढकललं. जाणूनबुजून. हा. लिहीत नाही.

२२ फेब्रु.

आजही.

२३ फेब्रु.

मोटर आली. सतरा दिवस. दादाने बटण दाबलं, पाणी धो धो. मी पडवीत येऊन बसलो तो जेवायलाही उठलो नाही.

२५ फेब्रु.

सहा आठवडे झाले. दादा गिरणीतून लवकर आला मुद्दाम. घरापुढच्या खळ्यात दोघांच्या देखत पाय टेकला. पहिली दोन पावलं बरी. तिसऱ्याला आत काहीतरी अडकलं, दाराच्या फटीत खडा अडकतो तसं. कळ थेट डोक्यात. हसलो. वहिनीने गूळखोबरं वाटलं. वाटेवरून जाणाऱ्या माणसालाही बोलावून दिलं.

"धरलं हो अस्तर!" सगळ्यांना सांगत होती.

४ मार्च

गु. फुगला. पाणी झालंय आत. कुबडी एक ठेवलीय. दादाला सांगतो सवय जायची आहे.

१० मार्च

रत्नागिरीला जाऊन गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, ह्यात हाड दिसतं, अस्तर दिसत नाही. आहे की नाही ते मुंबईला दुर्बीण घालूनच कळायचं. म्हणजे मेडिकलच्या आधी स. सा. कडे जायला हवं. १३ एप्रिलची तारीख मिळाली.

परत येताना एसटीत एक म्हातारा दोन्ही पाय वेडेवाकडे घेऊन चढत होता. कंडक्टर त्याला ओरडला. मी कंडक्टरला ओरडलो. उगाच. गाडीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

१५ मार्च

दुपारी पडलो होतो. पंप आज बंद, एरवी त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. आणि रहाटाचा आवाज. मला वाटलं भास झाला.

उठून गेलो. वहिनी फळीवर. पदर खोचलेला, दोन्ही पावलं आऱ्यांवर, डोळे मिटून ढकलतेय. मला बघून ओशाळली.
"हसू नका वो भावोजी. साहेबांनीच सांगितलंय ना तुमच्या. तुमचं नऊ भोकांतनं आलं. माझं बिनभोकाचं थोडं तरी येईल."
"कधीपासून?"
"मोटर आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पाचशे करते. मोजून. आणि उतरलंय हां दुखणं, खरंच उतरलंय."

तसाच परत आलो.

१६ मार्च

सांगायचं आहे.

१९ मार्च

वहिनीचा डावा गुडघा सुजलाय. लुगड्याखाली झाकते, पण पाटावर बसताना कळतं. मला म्हणाली, "तुमचा पण मध्ये सुजला होता ना? भरून येताना होतं म्हणालात." माझेच शब्द माझ्याच थोबाडीत मारले तिने, तिला पत्ताही नाही.

एक बरं आहे, बोटीवर असताना आपली माणसं अशी समोर नसतात.

२८ मार्च

शिमग्याची पालखी आली. खळ्यात नाचवली. मी खुर्चीत. इतर वेळी खांदा देतो. ओटी भरायला वहिनीला उभं राहवेना, तेव्हा गुरवाने पालखी खाली घेतली तिच्यासाठी. मग गाऱ्हाणं घातलं माझ्या नावाने: बा देवा, ह्या लेकराचा पाय भरून काढ, ह्याला परत बोटीवर चढव. सगळे "होय महाराजा" म्हणाले. दादा सगळ्यांत मोठ्याने. देवाधर्माचं त्याला एरवी वावडं.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठायलाही दुसरा माणूस लागला असता.

२ एप्रिल

न्हाणीमागे कुणी नसताना उठाबशा काढून बघितल्या. चार झाल्या. पाचवीला खाली बसलो तो बसलोच. अडकलं. घाम सुटला. शेवटी हाक मारावी लागली. दादा आला, काखेत हात घालून उचलला. बघत राहिला.

"वसंता, काय लपवतोयस?"
"काय नाय."
"बरं," म्हणाला. पण गेला नाही लगेच.

५ एप्रिल

सांगितलं.

दुपारी रहाटावर गेलो. म्हटलं, वहिनी, थांबा. पत्रात चालू ठेवा नव्हतं. बंद करा होतं. रेटा दिला की अस्तर उखडतं असं होतं. मी खोटं बोललो.

तिने पाय काढले नाहीत आऱ्यांवरून. माळेतलं पाणी ठिबकत होतं.
"म्हणजे त्या दिवशीच माहीत होतं तुम्हाला?"
"हो."
"आणि नंतर दोन दिवस ढकललंत?"
"हो."
"माझ्यासाठी?"

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

मग म्हणाली, "माझे उतरत होते वो, भावोजी. देवाशपथ, उतरत होते." आणि उतरायला गेली फळीवरून तर तिला उतरता येईना. मी धरायला गेलो, मलाही उभं राहवेना. दोघं विहिरीच्या काठावर बसून राहिलो, एक ह्या बाजूला आणि एक त्या बाजूला. दादा गिरणीतून येईपर्यंत.

६ एप्रिल

वहिनी माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते. ताट आपटत नाही, त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

दादाने पत्र मागून घेतलं. त्याला अक्षरं लागतात, इंग्रजी कळत नाही. तरी सगळं बघितलं, वरपासून खालपर्यंत. म्हणाला, "आठ दिवस आगर वाळलं असतं तर काय झालं असतं? पोफळी पुन्हा लावता येतात रे, शिंच्या!" डोळे भरले त्याचे. मला मार खाल्ल्यासारखं झालं.

८ एप्रिल

वहिनी सकाळी न्हाणीपर्यंत भिंत धरून गेली. कालपरवापर्यंत अशी जात नव्हती. विचारलं. पहिल्यांदा बोलली: "तुम्ही सांगितलंत आणि दोन्ही दुखायला लागले. आधी खोट्याने का होईना, बरं वाटत होतं."

ह्याला काय औषध ते कुठल्या साहेबाला माहीत असेल?

१० एप्रिल

सकाळी रहाट वाजला. धावायचं म्हटलं तरी धावता येत नाही, पोचेपर्यंत माळेचे चार फेरे झाले असतील.
"वहिनी, आता कशाला?"
"माहीत आहे मला," म्हणाली. "पण नुसतं बसून काय करू? ह्याने अस्तर नाही ना उगवत? मग कशाने उगवतं ते विचारून या. माझा पण गुडघ्यांचा फोटो आहे रत्नागिरीचा, तो घेऊन जा. पाडायची तर पाडू दे भोकं, मी तयार आहे. पाय टेकणार नाही सहा आठवडे. आधी डाव्याचे सहा, मग उजव्याचे सहा. रेटा देणार नाही, साहेब सांगतील तसं हलवीन. पण एवढे दिवस शिंपणाला कोण, ते पण विचारा त्यांना."

हसली. चिडून नाही. आगराकडे बघून खरंच हिशेब मांडत होती ती. पंप असला तरी आळ्याआळ्यात पाणी फिरवायला माणूस लागतो. दादाची गिरणी सुटत नाही. गडी मिळत नाहीत, सगळे मुंबईला.

काय बोलली ते तिला कळलंच नाही. मला कळलं.

११ एप्रिल

संध्याकाळच्या गाडीने निघायचं. दादा स्टँडपर्यंत येतोय. पिशवीत दोन फोटो, माझा आणि वहिनीचा. मागे नावं लिहिली, अदलाबदल नको.

१३ ला स. सा. समोर पहिलं माझं सांगायचं. रेटा दिला, अकरा दिवस न कळता, दोन दिवस कळून. झाकायचं नाही. मग दुर्बिणीतून दिसेल ते दिसेल. मग तिचं विचारायचं.

सकाळपासून पाय मोकळा हलवतोय. कालच्यापेक्षा कमी अडकतो. खरंच कमी की मला वाटतंय, सांगता येत नाही. सहा उठाबशा झाल्या. दहा होतीलही पंधरा तारखेपर्यंत. दात-ओठ खाऊन शिडी पण चढेन. मेडिकलवाला गुडघ्यात डोकावून बघत नाही.

पास झालो तर मी बोटीवर. नापास झालो तर वहिनीच्या शिंपणाला माणूस मिळाला.

दादा हाक मारतोय.